गिरणगावचे ताट कुणी वाढले?

मार्च सरत आला की लालबागच्या मिरची गल्लीतली हवा घशात उतरते. बेडगी, काश्मिरी, संकेश्वरी, पांडी, लवंगी अशा मिरच्यांचे ढीग, शेजारी धणे, बडीशेप, दगडफूल, नागकेशर, तिरफळ. एकीकडे भाजणे चाललेले आणि आत मसाला कुटणाऱ्या डंकाचा एकसुरी ठोका. इथे येणारी बाई नुसता 'मसाला द्या' म्हणत नाही. बेडगी किती, लवंगी किती, धणे किती, हे प्रमाण ती घरून घेऊन येते, आणि ते प्रमाण तिच्या सासरच्या किंवा माहेरच्या तालुक्याचे असते. मालवणी घरचा मसाला वेगळा, सातारा-कोल्हापूरकडचा कांदा-लसूण मसाला वेगळा, आगरी-कोळ्यांचा वेगळा, आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतला, बाटलीत ठासून भरायचा बॉटल मसाला आणखीच वेगळा. मुंबई कुणी वसवली याचा हिशेब एखाद्या दप्तरात सापडेल त्याहून स्पष्ट या चिठ्ठ्यांमध्ये लिहिलेला आहे.

अलीकडे गिरगाव, लालबाग, परळ, दादर या भागांत खाण्याच्या निमित्ताने फिरायला येणाऱ्यांची संख्या वाढली आहे. मिसळ इथली, पीयूष तिथले, कोंबडी-वडे अमुक ठिकाणचे, अशी यादी हातात घेऊन लोक येतात आणि 'अस्सल' चव शोधतात. हा उत्साह मला मनापासून आवडतो. पण अस्सलपणाचा हा शोध चुकीच्या जागी चालला आहे, असे माझे मत आहे. गिरणगावचे, म्हणजे लालबाग-परळच्या कापडगिरण्यांभोवतीच्या वस्तीचे, अन्न गावाहून जसेच्या तसे उचलून आणलेले नाही. ते मुंबईत घडले, आणि ते घडवले खानावळ नावाच्या एका व्यवस्थेने. ती व्यवस्था कारखानदारांनी उभारली नाही, सरकारनेही नाही. चाळीच्या एका खोलीत चुलीपुढे बसलेल्या बायकांनी ती चालवली. ही वस्ती समजून घ्यायची तर पदार्थांच्या आधी या व्यवस्थेकडे पाहावे लागते.

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेवला काढली आणि दोन वर्षांनी ती चालू झाली. पुढच्या अर्धशतकात भायखळ्यापासून दादरपर्यंत चिमण्यांचे रान उभे राहिले. त्यासाठी माणसे आली ती मुख्यतः कोकणातून आणि घाटावरून. त्या काळच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजच्या सिंधुदुर्गाचा बराचसा भागही होता. या एका जिल्ह्यात जन्मलेले दोन लाखांहून अधिक लोक १९२१च्या जनगणनेत मुंबईत राहत होते, आणि शहराची सगळी लोकसंख्या बारा लाखांच्या आत होती. म्हणजे रस्त्यावर भेटणारा दर पाचवा-सहावा माणूस एकाच जिल्ह्याचा. तो आला समुद्रमार्गे, वेंगुर्ला, मालवण, रत्नागिरीच्या बंदरांतून बोटीने. कोकण रेल्वे पूर्ण व्हायला १९९८ साल उजाडायचे होते. आणि तो बहुधा एकटाच आला. त्याच जनगणनेत मुंबईत दर हजार पुरुषांमागे सुमारे सव्वापाचशेच स्त्रिया होत्या. घरची माणसे गावी, जमिनीचा तुकडा गावी, गणपती आणि शिमगा गावी. मुंबईत होता तो पगार आणि झोपायला पथारी. गावमंडळाच्या खोलीत एकाच गावचे वीस-पंचवीस गडी पाळीपाळीने झोपत. भिंतीला ओळीने ट्रंका, दोरीवर कपडे आणि मधे माणसे. अशा खोलीत चूल मांडणार कोण आणि कधी? खानावळ जन्मली ती या अडचणीतून.

खानावळीचे तंत्र बाहेरून साधे दिसते. ज्या घरात बाई आहे, त्या घराने आठ-दहा, कधी वीस गड्यांना जेवायला घ्यायचे. जेवणाऱ्या गड्याने, म्हणजे मेंबराने, महिन्याचे पैसे पगाराच्या दिवशी द्यायचे, जेवला नाही त्या दिवसाचा खाडा धरायचा, गावी गेला तर हिशेब थांबवायचा. पण या साधेपणात केवढी जुळवाजुळव होती ते पाहिले पाहिजे. गिरणीला तीन पाळ्या असल्या की चुलीलाही तीन पाळ्या. पहिल्या पाळीचा गडी भोंग्याआधी डबा घेऊन निघणार, रातपाळीचा सकाळी परत येऊन जेवणार, दुसऱ्या पाळीचा मध्यरात्री. पाणी येणार चाळीच्या सार्वजनिक नळाला, ठरल्या वेळी. बीडीडी चाळी १९२०च्या दशकात सरकारने बांधल्या, त्यांतली खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्यात घरची माणसे, मेंबरांची ताटे, पिठाचा डबा आणि चूल. दुकानदाराकडून माल उधारीवर आणायचा आणि मेंबराला जेवणही उधारीवर घालायचे. दोन्ही उधाऱ्यांच्या मधे उभी राहणारी ती बाई. गिरणी-कामगारांच्या खर्चाची पाहणी मुंबईच्या लेबर ऑफिसने त्याच दशकात केली, तेव्हा कमाईतला निम्म्याहून अधिक पैसा अन्नावर जातो असे दिसले. एवढा मोठा पैसा ज्यांच्या हातून फिरत होता, त्या बायकांना उद्योजक म्हणणे तेव्हा कुणाच्या मनातही आले नाही.

या व्यवस्थेने चव घडवली ती कशी? गावी माणूस ऋतूप्रमाणे खातो आणि आपल्या परसातले खातो. खानावळीत वीस जणांचा पैसा ठरलेला, वेळ ठरलेली, आणि तक्रार करणारी तोंडेही वीस. म्हणून टिकणाऱ्या जिनसांना महत्त्व आले. सुकट, सुका जवळा, सुके बोंबील, काळ्या वाटाण्याची उसळ, कुळथाची पिठी, आमसुले. ओल्या नारळाचे वाटण महाग पडते, तेव्हा सुक्या खोबऱ्यावर आणि भाजल्या कांद्यावर भागवणे आले. वर्षाचा मसाला एकदम कुटून ठेवला की रोजचे वाटण वाचते. लालबागच्या डंकांना एवढे काम मिळाले ते या सोयीपायीच. भात हे कोकण्याचे पोट भरायचे साधन, भाकरी घाटावरच्याची. एकाच गल्लीत, एकाच बाजारात दोघांची चूल पेटत असताना देवाणघेवाण होणारच. मालवणात बसून कुणी आपल्या जेवणाला 'मालवणी' म्हणत नाही, ते नुसते जेवण असते. त्याला नाव लागते ते शेजारी दुसऱ्या मुलखाचे ताट येते तेव्हा. त्या अर्थी 'मालवणी जेवण' ही कल्पना मालवणात नव्हे, परळ-लालबागमध्ये रुजली, असे म्हणायला मला संकोच वाटत नाही.

यावर हमखास आक्षेप येतो की मग हे भेसळीचे अन्न झाले. खरी चव गावीच. आठवण म्हणून हे खरे असेल, इतिहास म्हणून मात्र ते टिकत नाही. ज्या मिरचीवाचून मालवणी मसाल्याची कल्पना करता येत नाही, ती अमेरिका खंडांतून युरोपीय गलबतांवरून आली. वडापावातला बटाटाही तिकडचाच, आणि पाव पोर्तुगीजांबरोबर गोव्याला उतरून गोवेकर बेकरीवाल्यांच्या हातून मुंबईत पोचला. फिलिपिन्समधल्या लोकांचा सकाळचा पाव 'पान दे साल' हाही असाच, स्पॅनिश लोकांकडून आलेला. आपला 'पाव' आणि त्यांचे 'पान' ही एकाच लॅटिन शब्दाची दोन नातवंडे. मनिलाचा माणूस त्या पावाला परका मानत नाही, आणि दादरचा माणूस वडापावाला. अन्न कुठून निघाले यापेक्षा ते कुणी, कुणासाठी आणि कोणत्या अडचणीतून वाट काढताना शिजवले, यात त्याचा अस्सलपणा असतो. या कसोटीवर खानावळीतले सुकटीचे कालवण गावच्या कालवणापेक्षा कमी अस्सल ठरत नाही.

गिरगावात याच कथेची दुसरी बाजू दिसते. इथे गिरण्यांपेक्षा कचेऱ्या, छापखाने, शाळा जवळ. म्हणून कारकून, विद्यार्थी, शिक्षक यांची वस्ती. त्यांच्यासाठी बोर्डिंगे निघाली, उपाहारगृहे निघाली, पुढे मिसळ, साबुदाणा वडा, थालीपीठ, पीयूष ही ओळख झाली. दादरला मामा काण्यांचे उपाहारगृह १९१० साली सुरू झाले तेही याच मध्यमवर्गीय गरजेतून. गिरगावच्या खोताच्या वाडीत ईस्ट इंडियन घरांच्या सोबतीने अनंताश्रमासारखे गोमंतकी माशांचे जेवणघर नांदले. आता ते बंद झाले आहे. आणि तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, धोबीतलावाच्या जेर महालात आणि आसपास, गोव्याच्या ख्रिस्ती लोकांचे 'कुड' आहेत. एका गावचा एक कुड. बोटीवर नोकरीला निघालेला किंवा बोटीवरून उतरलेला गावकरी तिथे नाममात्र पैशांत राहायचा. भिंतीलगत ट्रंका आणि मधे देव्हारा. लालबागची गावमंडळाची खोली आणि धोबीतलावचा कुड ही धर्माने वेगळी, पण रचनेने सख्खी भावंडे आहेत. मुंबईच्या इतिहासात ती दोघे एकत्र क्वचितच मांडली जातात.

इथे एका गोष्टीपाशी थांबायलाच हवे, कारण ती टाळून केलेले कौतुक खोटे ठरेल. खानावळीत जात होती. खोली गावाची, आणि गावात जात होती तशी ती खोलीतही आली. खानावळीही तालुक्याच्या आणि जातीच्या असत. हॉटेलांच्या पाट्यांवर 'ब्राह्मणांचे', 'हिंदू' असे शब्द रंगवलेले असत. गिरणीच्या आत तर तोंडाचा विटाळ थेट पगाराला भिडला होता. साचा खात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, कांडी बदलताना धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि दलित कामगाराने ओढलेल्या धाग्याला इतर तोंड लावणार नाहीत म्हणून जास्त पगाराच्या या खात्याची दारे त्याला बंद होती. १९२८च्या मोठ्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. म्हणून गिरणगावच्या एकोप्याच्या गोष्टी ऐकताना कोण कुणाच्या पंगतीला बसत नव्हते, हेही विचारले पाहिजे. कुणी म्हणेल, मग असल्या व्यवस्थेचा गौरव कशाला? मी गौरव करतो तो तिच्या सोवळ्या-ओवळ्याचा नव्हे, तर तिने पेललेल्या भाराचा. आणि भार पेलणाऱ्या बायकांनीच पुढे त्या भिंती ओलांडून संघटना बांधली, हा इतिहासही त्याच व्यवस्थेच्या पोटातून आला.

गिरणगावातला कुठलाही संप घ्या. पगार बंद झाला की पहिला फटका खानावळीला. मेंबर पैसे देऊ शकत नाही, पण त्याला उपाशी उठवताही येत नाही. बायकांनी अंगावरचे दागिने गहाण टाकून, सावकाराकडून चढ्या व्याजाने पैसे उचलून संपकऱ्यांना जेवू घातले. संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांची भाषणे नोंदली गेली. हे व्याज नोंदले गेले नाही. गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या आणि गिरणगावात डाव्या चळवळीचे काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांना ते दिसले. १९७५ साली त्यांनी मूठभर खानावळवाल्या बायकांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेतून त्यांना कर्ज मिळवून दिले. तारण काय, तर एकमेकींचा शब्द. बांगलादेशातल्या ग्रामीण बँकेची कल्पना जगभर पोचण्याच्या कितीतरी आधी परळ-लालबागमध्ये हे घडत होते. पुरव यांना २००२ साली पद्मश्री मिळाली.

दूरच्या एका वस्तीशी याची तुलना केली तर मुद्दा अधिक उघड होतो. १९२०-३०च्या दशकांत फिलिपिन्समधून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर शेतमजुरीला गेलेले लोक बहुतेक एकटे पुरुष होते. गोऱ्या बायकांशी लग्न करायला कॅलिफोर्नियाचा कायदा मनाई करत होता. स्टॉकटन, सॅन फ्रान्सिस्को इथे त्यांच्या वस्त्या झाल्या, स्वस्त खोल्यांची हॉटेले, त्यांच्या बोलीतली जेवणघरे झाली. १९६५ साली डिलानोच्या द्राक्षमळ्यांत फिलिपिनो मजुरांनी संप पुकारला, तेव्हा त्यांच्या समाजमंदिराचे स्वयंपाकघर हेच संपकऱ्यांचे अन्नछत्र झाले. स्टॉकटनची 'लिटल मनिला' हमरस्त्याखाली गेली. सॅन फ्रान्सिस्कोच्या इंटरनॅशनल हॉटेलातून म्हाताऱ्या भाडेकरूंना ४ ऑगस्ट १९७७च्या पहाटे पोलिसांनी बाहेर काढले. त्याच जागी परवडणाऱ्या भाड्याची नवी इमारत उभी राहायला २००५ साल लागले. लॉस एंजेलिसने आपल्या जुन्या फिलिपिनो वस्तीला २००२ साली अधिकृतपणे 'ऐतिहासिक' हे नाव दिले, आणि आज लोक ती पाहायला आणि तिथे जेवायला जातात. त्या वस्त्यांतल्या लोकांनी एक गोष्ट नेमकी ओळखली. माणूस टिकल्याशिवाय पदार्थ टिकत नाही, म्हणून त्यांनी आधी घरासाठी भांडण केले आणि पाटीसाठी नंतर.

आपल्याकडे १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, आणि तो संप औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही. गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या जमिनींवर मॉल आणि कचेऱ्या आल्या, आणि मेंबर संपल्यावर खानावळीही आटल्या. तेव्हा आता तिथे बघण्यासारखे उरले काय, हा आक्षेप वजनदार आहे. खानावळीच्या जुन्या रूपापुरते तो मान्यच करावा लागतो. पण व्यवस्था मेली की रूप बदलून राहिली, हे पाहायला दादर-गिरगावच्या गल्ल्यांत संध्याकाळी सातला उभे राहावे. पोळी-भाजी केंद्रापुढे नोकरीहून परतणाऱ्या बायका-पुरुषांची रांग असते. पाच पोळ्या, एक भाजी, थोडी आमटी, पिशवीत. पूर्वी एकटा पुरुष जेवणाऱ्या घराकडे जायचा. आता घरातली बाईही कामावर जाते म्हणून जेवण घराकडे येते. करणारे हात मात्र बहुतांश त्याच वर्गातल्या बायकांचे. वडापावही याच वंशातला. दादर स्थानकाबाहेर १९६६च्या सुमारास अशोक वैद्य यांनी तो पहिल्यांदा विकला असे सांगितले जाते. ताट, पाट, वेळ यांपैकी काहीच परवडत नसलेल्या माणसाने उभ्या उभ्या खाल्लेले ते जेवण आहे. सरकारनेही दोनदा खानावळीची नक्कल करून पाहिली: १९९५ साली एक रुपयात झुणका-भाकर, २०२० साली दहा रुपयांत शिवभोजन. पहिली योजना काही वर्षांत बारगळली. वाढणारी बाई आणि जेवणारा गडी यांच्यात ओळखीचा आणि उधारीचा जो धागा होता, तो योजनेत कुठून येणार?

लालबागच्या राजाकडे जाणाऱ्या लाखो भाविकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल की हा गणपती मुळात बाजाराचा आहे. १९३२ साली पेरू चाळीतला बाजार बंद झाला, कोळी आणि इतर विक्रेते उघड्यावर आले, कायमच्या जागेसाठी नवस बोलला गेला आणि जागा मिळाल्यावर १९३४ साली मूर्ती बसली. अन्न विकणाऱ्यांना बसायला हक्काची जागा हवी, ही मागणी या वस्तीच्या सर्वांत मोठ्या उत्सवाच्या मुळाशी आहे.

आज ती मागणी पुन्हा दाराशी आली आहे. बीडीडी चाळींचा पुनर्विकास चालू आहे आणि १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांचे घर मिळते आहे. जुन्या चाळीच्या आठवणींनी गहिवरून कुणी या बदलाला विरोध करू नये. शंभर वर्षे कॉमन संडासाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या लोकांना ते घर मिळालेच पाहिजे. पण चाळीत खोलीबाहेर सामाईक पॅसेज होता. तिथे पिठाची गोणी उतरत होती, डब्यांची ओळ लागत होती, मेंबर हात धूत होता आणि शेजारीण पोळ्या लाटायला बसत होती. खानावळ चालायची ती खोलीइतकीच त्या पॅसेजवर. बावीस मजली इमारतीत, लिफ्ट आणि पहारेकऱ्याच्या पलीकडे, पंचवीस डबे भरणाऱ्या बाईला ही जागा कुठे मिळणार, याचे उत्तर नकाशातच द्यावे लागेल. प्रत्येक इमारतीच्या तळमजल्यावर पाणी, नाली आणि धुराडे असलेला एक गाळा महिला बचत गटासाठी नाममात्र भाड्याने राखून ठेवणे, ही मागणी अवघड नाही. पुनर्विकासाच्या बैठकांत पार्किंगवर तासन्‌तास चर्चा होते. त्याच बैठकांत रहिवाशांनी या गाळ्याचा विषय काढावा, आणि त्याचे क्षेत्रफळ किती असावे हे नकाशा काढणाऱ्याने नव्हे, डबे भरणाऱ्या बायकांनी सांगावे.